पुठ्ठ्यावरचं माप

पहिल्यांदा घेतलं ते जेलचं पॅड.
मे महिन्यात कोपरखैरण्याच्या सिग्नलला ते तव्यासारखं तापलं
आणि मी भाकरीसारखी
एकदा या अंगावर, एकदा त्या.
मग जाळीचं कव्हर. पँटवर षटकोनांची नक्षी उमटायची,
आई म्हणाली, पोळ्यावर बसून आलीस का मधमाश्यांच्या?
मग हवेची उशी, साडेनऊशेची.
पाम बीचवर, खाडीच्या वळणाला,
तिने माझ्याखाली लांबलचक निःश्वास सोडला.
शेजारचा टेम्पोवाला वाशीपर्यंत हसत होता.

गाडी दादाची. तो मस्कतला गेला
आणि सीटवर स्वतःची बैठक ठेवून गेला,
एक खड्डा, माझ्या हाडांच्या कामाचा नसलेला.
पहाटे साडेपाचला घणसोली, मग ऐरोली, वाशी, नेरूळ,
उपाशीपोटीचं रक्त आधी, जेवणानंतरचं नंतर.
मागे बर्फाची पेटी बांधलेली,
दुपारपर्यंत माकडहाडात खिळा.

म्हणून मी कुणाच्याच घरी बसायची नाही.
उभ्यानेच पट्टी, उभ्यानेच सुई, उभ्यानेच पावती.
नायरकाका म्हणायचे, रक्त न्यायला येतेस
की वीज तोडायला?

तुर्भे नाक्याजवळ इलियासभाईंचं दुकान:
एक शटर, एक शिलाई मशीन
आणि छतापर्यंत गाड्यांची सोललेली कातडी.
मऊ करून द्या, म्हटलं. एकदम मऊ.
बाय, मऊ मागणारे महिन्याभरात परत येतात.
मऊ फोम पहिल्या किलोमीटरला लाड करतो,
दहाव्याला पत्र्यावर नेऊन आपटतो.
त्यांनी एक काळा ठोकळा पुढे केला, चुरा दाबून केलेला.
खाली हा. वर बोटभर नरम. पुढचा उतार काढून टाकू.

मग माप.
त्यांनी टेप हातात घेतली, खाली ठेवली.
कानामागची पेन्सिल काढली, परत लावली.
तीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं नजरेनेच घेणारा माणूस
पंख्याकडे बघत राहिला.
मीही पंख्याकडे.
शेवटी त्यांनी फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा फाडला,
स्टुलावर ठेवला.
यावर बसा. पाय जरा वर उचला. मी चहा सांगून येतो.

आले तेव्हा मी उठून मशीनपाशी उभी होते.
पुठ्ठ्यावर काहीच नव्हतं,
निदान मला दिसत नव्हतं.
त्यांनी डोळे मिटले,
अंगठा सावकाश फिरवत नेला.
थांबला. केसभर मागे आला. पुन्हा थांबला.
तिथे पेन्सिलीने गोल केला. मग दुसरा.

हे मला येतं.
शीर मी अशीच शोधते.
दिसते ती फसवते, बोटाखाली उसळते ती खरी.
नायरकाकांची तर दर खेपेला घर बदलते.
हे त्यांना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.
चहात आलं फार होतं.

साडेपाच इंच, ते पुठ्ठ्याला म्हणाले.
कंपनी एकाच माणसाला बसवून
सगळ्या जगाची सीट बनवते.
कोण तो?
माहीत नाही बाय. भेटला कधी
तर त्याला तुमच्या सीटवर ठाण्यापर्यंत पाठवीन.

नवी सीट पाटासारखी कडक.
तिसऱ्या दिवशी मी फोनवर भांडले.
पंधरा दिवस द्या, म्हणाले. अठरा लागले.
एकोणिसाव्या दिवशी
सीट आठवलीच नाही, बेलापूर आलं तरी.

काल नेरूळला नायरकाकांनी सवयीने खुर्चीकडे बोट केलं
आणि सवयीनेच हात पुढे करून बाही वर सारली.
मी बसले.
अगं, त्यांनी आत हाक मारली, ती बसली!
काकू नाईटीला हात पुसत
बघायला बाहेर आल्या.